जुनी डीबी९

नोव्हेंबर लागला. इंग्लंडातल्या रस्त्यांवर आता मीठ पडायला लागेल, म्हणून आज गाडी धुऊन गॅरेजमध्ये ठेवली. चाकांच्या आतल्या बाजूचा चिखल काढला, खालचा भाग पूर्ण वाळू दिला, बॅटरीला चार्जर लावला. अॅस्टन मार्टिन डीबी९चा सांगाडा अॅल्युमिनियमचा. त्याला तांबडा गंज धरत नाही. पण मीठ आणि ओल मुरली की रंगाखाली फोड येतात.

माझी गाडी २००४ची, गेडनच्या कारखान्यात बनलेली. ५.९ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी. त्यामुळे वजन पुढेमागे जवळपास सारखं वाटलं जातं, आणि दिवसभर चालवूनही अंग आंबत नाही. बर्मिंगहॅमहून निघून स्कॉटलंडच्या डोंगरात शिरलं, की त्या इंजिनाचा चढता आवाज ऐकताना मला दुसरं काही नको असतं. एवढ्यासाठीच ती घेतली.

नवी असताना तिची किंमत लाख पौंडांच्या वर होती. आज ती त्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळते, मात्र देखभालीचा खर्च उतरत नाही. साधे इग्निशन कॉइल बदलायचे तरी वरचा इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. मी विम्यात गाडीची रक्कम आधीच ठरवून घेतली आहे, प्रत्येक पावती फाइलला लावली आहे.

कुणाला अशी गाडी घ्यायची असेल, तर कमी मैलांना भुलू नका. नियमित चालवलेली, सर्व्हिसच्या पूर्ण नोंदी असलेलीच घ्या.