वणव्याआधीचा पाला

वणवा विझवायला शिकायचं म्हणून वन समितीच्या माणसांसोबत निघाले, तर त्यांनी हातात खराटा दिला. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना रामाकोना मागे पडला, की पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. घाटाच्या अलीकडे, जंगलाला लागून माझं सासर. 2023मध्ये हा भाग पांढुर्णा जिल्ह्यात आला. माहेर नागपूरचं, तिथे आग लागली की बंब येतो. इथे बंब जाईल अशी वाटच नाही. सागाचा पाला घोट्यापर्यंत साचलेला, पापडासारखा कडकडीत.

मध्य प्रदेशात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतात. तो लागण्याआधी जंगलात आखलेल्या फायर लाइनवरचं गवत कापायचं, पाला लोटायचा आणि दोन्ही बाजूंना माणसं उभी करून तेवढी पट्टी जाळायची. माझा गोंधळ उडाला तो इथेच. आग लागू नये म्हणून आपणच आग लावायची? समितीतले काका म्हणाले, "जळलेलं पुन्हा जळत नाही, बाई. आग इथवर येईन, तिले खायले भेटणार नाही, मंग थांबन." पाल्यावर दव असताना हे काम उरकायचं. दुपारी वारा चढला की काडीला हात लावायचा नाही.

मग एकामागून एक सूचना. नायलॉनची साडी घरी ठेव, सुती नेस. आग चढावर जोरात धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही. समोरून तर भिडायचंच नाही, जळून गेलेल्या बाजूने शिरायचं आणि कडेकडेने विझवत जायचं. ओली फांदी उंच उगारून आपटली तर ठिणग्या उडतात, ती दाबून धरायची. "हवा पाह्य आधी, आग मंग पाह्य," असं काका सारखं बजावत होते. मला हवा दिसतच नव्हती. त्यांना ती गवताच्या शेंड्यांवर दिसत होती.

नाकेदाराच्या, म्हणजे वनरक्षकाच्या, मोबाइलवर आगीचा संदेश येतो, हेही तिथेच कळलं. उपग्रहाला जमिनीवरची उष्णता दिसते आणि देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश येतात. उपग्रहावरच्या एका उपकरणाच्या चित्रात एक ठिपका म्हणजे साधारण 375 मीटर लांब-रुंद जमीन. तेवढ्यात नेमकं कुठे शिरायचं, हे गुराख्यालाच ठाऊक. शिवाय उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत आग वाट बघत नाही.

पण आग लागते कशी? मला वाटत होतं, कुणीतरी बिडी टाकत असेल. तेही होतं. मोठं कारण मात्र मोहाच्या झाडाखाली आहे. मार्च-एप्रिलमध्ये रात्री फुलं गळतात, पहाटे वेचायची असतात. एक मावशी म्हणाल्या, "पाल्यात फूल दिसत नाही, माय. अंधारात हात घालाव तं इचू-साप. म्हणून पाला जाळते लोक." ती छोटीशी आग विझली असं वाटतं आणि दुपारच्या वाऱ्याने जंगलात शिरते.

राखीव जंगलाला आग लावणं हा 1927च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 प्रमाणे गुन्हा आहे. त्याच कायद्याचं कलम 79 सांगतं, की जंगलावर हक्क असणाऱ्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे. दोन्ही कलमं लागू होतात ती एकाच उंबरठ्याला. मोह वेचणारं घर आणि रात्री फांदी घेऊन धावणारं घर इथे वेगळं नाही. म्हणूनच मला समितीची रीत पटली. त्या मावशींना कुणी कलम वाचून दाखवलं नाही. फुलं गळायच्या आधी दोघी-तिघी खराटे घेऊन त्यांच्या झाडाखाली गेलो, पाला लोटून बुंध्यापासून लांब नेला, जुन्या साड्या जोडून खाली अंथरल्या. फूल स्वच्छ राहिलं, मातीही लागली नाही. हे वेळखाऊ आहे, आणि ज्यांची झाडं गावापासून लांब आहेत त्यांना एवढं जमत नाही. तिथे अजूनही काडी लागते.

तेंदूचंही असंच आहे. कोवळी पानं फुटावीत म्हणून काही जण झुडपं जाळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती छाटली तरी मेच्या तोडणीला चांगलं पान मिळतं. छाटणी कुठून करायची, ते मावशी मला पुढच्या हंगामात दाखवणार आहेत.