वरचा मजला

बडोद्यात नदीत मगरी आहेत, हे घर शोधताना मला कोणीही सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं. पाणी सकाळी कधी येतं, मोटर लावावी लागते की नाही, गॅसची लाइन आहे, स्कूटर ठेवायला जागा आहे, शेजार चांगला आहे. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या विश्वामित्रीत शेकडो मगरी राहतात आणि पावसाळ्यात त्यातली एखादी सोसायटीच्या आवारात येऊन पडते, हे मला पुढे एका रिक्षावाल्याकडून कळलं. पुलावर त्यानं रिक्षा हळू केली आणि ओळखीच्या माणसाचं घर दाखवावं तसा हात करून म्हणाला, ‘जुओ बेन, मगर.’ खाली गढूळ पाण्याच्या कडेला एक ओंडका पडला होता. ओंडक्यानं तोंड उघडलं.

मी मालेगावकडची. सयाजीराव महाराजांचं कवळाणं आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे बडोदं हे नाव कानाला परकं नव्हतं. 1875 मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून उतरवलं, आधीच्या महाराजांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक हवा होता, म्हणून कवळाण्याच्या शेतकरी गायकवाडांची मुलं इथं आणली. इथं कशाला आलास, असं प्रत्येकाला विचारलं म्हणे, आणि बारा वर्षांचा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव, म्हणाला, राज्य करायला. तोवर त्याला लिहितावाचताही येत नव्हतं. ही गोष्ट आमच्याकडे लहानपणीच ऐकवतात. त्यात घडलेलं किती आणि मागाहून रचलेलं किती, ते राहू दे. पण या गावातला सगळ्यांत मोठा उपरा आमच्याकडचा, याचा मला उगीचच आधार वाटत होता. मला कोणी विचारलं असतं, तर माझं उत्तर ‘बदली झाली’ एवढंच होतं.

मराठी माणूस बडोद्यात आला की आधी दांडिया बाजार गाठतो. मीही गाठला. दुकानांच्या पाट्यांवरची मराठी आडनावं वाचत, जुन्या वाड्यांचे लाकडी खांब बघत दिवसभर फिरले. जवळच रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे, एका दिवाणाचा, भिंतीभर चित्रं असलेला. तो पुरातत्त्व खात्याकडे आहे, म्हणजे निदान उभा आहे. बाकीच्या वाड्यांत कुठं चार भावांचा दावा चाललेला, कुठं दाराला कुलूप आणि कुलपाला गंज. एका आजींनी अंधाऱ्या जिन्यावरून वर नेऊन एक खोली दाखवली. छताची एक तुळई दोरीनं बांधलेली होती. ‘पडत नाही,’ त्या म्हणाल्या, ‘माझ्या लग्नापासून तशीच आहे.’ मला ती खोली फार आवडली होती. पण न्हाणीघर दोन घरांत एक होतं, आणि माझं वय आता अशा गोष्टी सोसण्याचं नाही.

मग दलाल. दलाल वाईट नव्हते. एकजण तर स्वतःच्या स्कूटरवरून मला निझामपुऱ्यापासून मांजलपूरपर्यंत हिंडवून आणायचा आणि मधे सेवउसळ खायला घालायचा. आपली उसळ या गावात येऊन वर मूठभर शेव घेऊन बसली आहे आणि आता ती बडोद्याची म्हणून मिरवते. तिला कोणी मूळ गाव विचारत नाही. मला विचारत. घरमालकासमोर बसलं की पहिला प्रश्न ‘वेज के नॉनवेज?’, दुसरा ‘घरात कोण कोण?’, आणि मी एकटी म्हटल्यावर जरा थांबून तिसरा, ‘सरनेम शुं?’

माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्याच्या शेवटी ‘कर’ आहे. त्यावरून माझं गाव कळतं, जात कळत नाही, आणि न कळण्याचा त्रास मला होत नाही, समोरच्याला होतो. मी आडनाव सांगायचे आणि गप्प बसायचे. घरमालक दलालाकडे बघायचा, दलाल छताकडे. या शांततेत मी पुढे बरीच तरबेज झाले. खोटं बोलायचं नाही आणि पुढचंही सांगायचं नाही. ज्यांची आडनावं उच्चारल्याबरोबर सगळं सांगून मोकळी होतात त्यांना ही सोय नसते. त्याच सुमारास माझा एक मुसलमान सहकारी घर शोधत होता. त्याला सरनेमपर्यंत जावंच लागत नव्हतं, पहिल्या नावातच फोन संपायचा. शेवटी त्यानं मुसलमान वस्तीचा तांदळजा सोडून दुसरीकडे बघणंच थांबवलं. या शहराच्या कितीतरी भागांना ‘अशांत धारो’ लागू आहे, 1991 चा कायदा. तिथं घर विकायचं तर आधी कलेक्टरची परवानगी. दंगलीच्या भीतीनं कोणी कवडीमोलानं घर विकून जाऊ नये म्हणून केलेला कायदा, पण आता मला तरी तो कोणी कुठं राहावं याची वेस राखणारा वाटतो. दलाल मात्र त्याच्याबद्दल हवामानाबद्दल बोलल्यासारखं सहज बोलतात.

आता वाटेल, मराठी मंडळींत तरी हे नसेल. दांडिया बाजारातल्याच एका व्याख्यानाला मी गेले. इथल्या मराठीला मोठा वारसा आहे, 2018 चं साहित्य संमेलन याच गावात भरलं होतं. व्याख्यान बरं झालं, चहा उत्तम झाला. शेजारच्या काकांनी प्रेमानं चौकशी केली. मूळ गाव? कुलदैवत? माहेरची कुठली? आणि मग, अगदी हसत, ‘म्हणजे तुमच्याकडे चैत्रात काय करतात?’ घरमालकांना बिचाऱ्यांना माझं आडनाव उघडता येत नव्हतं. काकांच्या खिशात किल्ल्यांचा सबंध जुडगा होता. आपली माणसं आपल्याला ओळखतात, हे खरं आहे. मला त्या दिवशी ते थोडं जास्तच खरं वाटलं.

त्या दिवसांत मला बरं वाटायचं ते मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. सयाजीरावांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं, त्याचं हे मुख्य घर. आत लोखंडी कपाटांचे मजल्यावर मजले आहेत आणि मधली जमीन काचेची, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून. घरी पुस्तक न्यायचं तर पत्त्याचा पुरावा लागतो, आणि पत्ता हाच तर माझ्याजवळ नव्हता. पण तिथंच बसून वाचणाऱ्याला कोणी काही विचारत नव्हतं. परीक्षेची मुलं, पेन्शनर, मोबाइल चार्जिंगला लावून डुलकी काढणारा एखादा फेरीवाला. मी तासन्‌तास बसायचे.

रविवारी कमाटीबागेत जायचे. 1879 ची ही बाग, कागदोपत्री सयाजीबाग. संग्रहालय, प्राणिसंग्रहालय, पोरांची आगगाडी, भेळ, पिपाण्या. घर शोधणाऱ्या माणसानं इथं बसावं की नाही, मला कळत नसे, कारण 1917 च्या सप्टेंबरात या बागेत एक माणूस असाच बसला होता. भीमराव आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. शिक्षणाचा खर्च सयाजीरावांच्या खजिन्यातून झालेला, त्या बदल्यात संस्थानची नोकरी करायची असा करार. नोकरी तयार होती, घर नव्हतं. हिंदू हॉटेलं घेणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. पारशांचा धर्म शिवाशिव मानत नाही, म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. जागा फक्त पारशांना, म्हणून नोंदवहीत नाव पारशी लिहायचं ठरलं. जेवणासकट रोजचा दीड रुपया.

वरच्या मजल्यावरच्या त्या मुक्कामाबद्दल त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलंय. लहानशी निजायची खोली, लागून न्हाणीघर, बाकीचं दालन मोडक्या खुर्च्यांनी आणि अडगळीनं भरलेलं. रात्री एक कंदील, आणि अंधारात फडफडणारी वटवाघळं. बोलायला कोणी नाही, म्हणून वाचत बसायचे. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघाले असताना डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळच्या आत जागा सोड म्हणाले. त्यांनी ओळखीच्या दोघांना विचारलं. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले तास त्यांनी या बागेत काढले.

काठ्यांपेक्षा मला ते दोन मित्र जास्त अस्वस्थ करतात. दोघंही वाईट बोलले नाहीत. असं मृदू बोलणं मी किती घरांच्या सोफ्यांवर ऐकलंय. आम्हाला काही नाही हो, पण सोसायटीवाले. आम्हाला काही नाही, पण आमच्या बा. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण 1906 मध्ये संस्थानभर लागू करणाऱ्या राजाच्या राजधानीत हे घडलं. राजाचा हुकूम शाळेच्या हजेरीपटापर्यंत पोचला, घराच्या कडीपर्यंत नाही पोचला. आता बागेतल्या त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. दर 23 सप्टेंबरला लांबून माणसं येतात, निळे झेंडे घेऊन, लेकराबाळांसकट.

मला घर मिळालं ते समा भागात, एका दुमजली बंगल्याचा वरचा मजला. खाली मालक काका, त्यांची आई, म्हणजे बा, आणि शाळकरी नातू. बांनी मला समोर बसवून सांगितलं की मांस-मच्छी नाही आणि अंडंसुद्धा नाही. मी मान हलवली. अंडी मी पहिल्याच आठवड्यात आणली. स्टीलच्या उभ्या डब्यात घालून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ठेवत असे. याबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही, आताही वाटत नाही. भाडं मी मजल्याचं देत होते, पोटाचं नाही.

मग 2024 चा श्रावण. जन्माष्टमीच्या सुमाराला पाऊस असा लागला की थांबेचना. वर आजवा तलाव भरला, हाही सयाजीरावांचाच, शहराला प्यायचं पाणी मिळावं म्हणून बांधलेला. त्याचं पाणी विश्वामित्रीत उतरलं आणि काळाघोडा पुलापाशी नदी 35 फुटांच्या पुढे गेली. आमच्या गल्लीत पाणी आलं ते आवाज न करता. आधी गटारांतून, मग फाटकाखालून. काका जिन्यावर उभे राहून एकेक पायरी मोजत होते. रात्री वीज गेली आणि खालचं घर वर आलं. देव्हारा आला, कागदपत्रांची बॅग आली, नातवाची सायकल आली, शीतळा सातमच्या थेपल्यांचा डबा आला. सर्वांत शेवटी बा आल्या, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात तुळशीची कुंडी.

पुढचे दिवस आम्ही चौघं माझ्या दोन खोल्यांत राहिलो. बाहेर लष्कराच्या होड्या. पलीकडच्या गल्लीत मगर आल्याची बातमी दर तासाला यायची, दर तासाला तिची लांबी वाढलेली असायची. दांडिया बाजारचे ते कुलदैवतवाले काका, त्यांचा फोन आला. ‘पाणी कुठवर? मेणबत्त्या आहेत का? बॅटरी वाचवा,’ एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. कसे कोण जाणे, पण मला ते एकदम आमच्या गल्लीतले वाटायला लागले.

दूध नासायच्या आत चहा करावा म्हणून बांनी फ्रिज उघडला. मी दुसऱ्या खोलीतून ओरडेपर्यंत उभा डबा त्यांच्या हातात होता आणि झाकण ओट्यावर. बा बराच वेळ आत बघत राहिल्या. काका खिडकीतून पाऊस पाहू लागले. नातू माझ्याकडे बघत होता, त्याला पुढचं ऐकायचं होतं.

‘बगडी जशे,’ बा म्हणाल्या. ‘बाफी नाख.’

गॅस चालू होता. मी अंडी उकडली. बा पाठ करून माळ ओढत बसल्या. नातवानं तीन खाल्ली. बांनी ते पाहिलं नाही, म्हणजे न पाहिल्याचं ठरवलं, आणि नंतर ते पातेलं मी तीनदा घासलं तरी त्यांनी त्यात चहा करू दिला नाही.

पाणी उतरल्यावर गल्लीभर गाद्या निघाल्या. सोफे, गव्हाची पोती, फुगलेली दारं, कोणाचा तरी लग्नाचा अल्बम. कोणाचा झाडू कोणाकडे होता याचा हिशेब राहिला नाही. चिखल ओढताना मला सगळे ‘उपरवाळां बेन’ म्हणायला लागले, वरच्या मजल्यावरच्या ताई, आणि ते नाव अजून टिकलंय. सरनेम कोणी विचारत नाही. मांडवीच्या वाचनालयात माझं कार्ड झालंय. बा खाली गेल्या त्या पुन्हा अंड्यांबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. नियम आहे तसा आहे. डबाही आहे तिथं आहे.

गेल्या दिवाळीनंतर काकांनी मागची खोली भाड्यानं द्यायला काढली. एक मुलगा आला, अकोल्याकडचा, मकरपुऱ्याच्या कारखान्यात लागलेला. काकांनी त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, सगळं विचारलं, आणि मग जिन्यात येऊन मला हाक मारली. मी खाली गेले. त्यांनी आवाज उतरवून आडनाव सांगितलं. ‘तुमच्याकडचं आहे बेन. कोणातले असतात हे?’

मला माहीत होतं.

‘काय की,’ मी म्हणाले. ‘आमच्याकडे असली आडनावं सगळ्यांत असतात.’

काकांना ते पटलं नाही. इतक्या वर्षांत त्यांना माझी शांतता ओळखता येते. ते माझ्याकडे बघत राहिले, मी छताकडे. शेवटी त्यांनी एका महिन्याचं डिपॉझिट जास्त मागितलं आणि किल्ली दिली. मुलानं बॅग आत ठेवली आणि बाहेर येऊन मला पहिली गोष्ट विचारली ती ही, की इथं जवळपास अंडा-आमलेटची गाडी कुठं लागते.