तंत्रस्नेही

सोलापूर जिल्ह्यात छात्राध्यापकांना शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना २०२० च्या डिसेंबरात एक उदाहरण आयतेच मिळाले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यामागे कविता, चित्रफिती, स्वाध्याय ठेवावेत ही त्यांची कल्पना. राज्य शासनाने ती २०१७ मध्ये उचलली होती. तेव्हापासून आमच्या वर्गात कोणी ना कोणी विचारतेच, ‘सर, तो कोड कसा बनवायचा?’

कोड बनवायला पाच मिनिटे पुरतात. त्यामागे काय ठेवायचे, हे ठरविण्यास मात्र समोरचे मूल ठाऊक असावे लागते. शासकीय व्यवहाराने ‘तंत्रस्नेही शिक्षक’ असा एक गोड शब्द रूढ केला आहे. स्नेह कोणाशी, एवढे त्यात स्पष्ट आहे.

छात्रसेवाकालात हे सारे उघडे पडते. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या कितीतरी घरांतून तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड. अशा घरातून मराठी शाळेत आलेल्या पहिलीच्या मुलांपुढे छात्राध्यापक हौसेने प्रोजेक्टरवर तयार गोष्ट लावतो. चित्रे हलतात, मुले हरखतात, आणि गोष्टीतली ‘विहीर’ म्हणजे काय हे अर्ध्या वर्गाला उमगलेले नसते.

आमच्या एका विद्यार्थिनीने निराळे केले. वर्गातल्या एका मुलाच्या आजीकडून तिने तीच गोष्ट तेलुगूत सांगवून घेतली, साध्या मोबाइलवर टिपली आणि मराठी पाठाआधी ऐकविली. ‘बावि’ हा शब्द येताच कन्नड घरची दोन मुलेही ओरडली, कारण विहिरीला त्यांच्याकडेही बाविच म्हणतात. आजीच्या मागे विड्यांची पाने कातरल्याचा आवाज येत होता. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने सदोषच म्हणायचे.

पाठ निरीक्षणाच्या तक्त्यात ‘तंत्रज्ञानाचा वापर’ असा एक रकाना असतो. तिथे किती गुण द्यावेत, यावर आमच्यात त्या दिवशी बराच वेळ वाद झाला. प्रोजेक्टर लावला नव्हता, असे एकाचे म्हणणे होते.