हानलेच्या आकाशातील लाली

१० मे २०२४ ची रात्र. लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर तांबडी आभा टिपली. सूर्यावरील एका विशाल डागसमूहातून एकामागून एक सुटलेले प्रभारित कणांचे मेघ पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळले होते. २००३ नंतरचे ते सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ होते.

नॉर्वेच्या उत्तर टोकाला ध्रुवीय प्रकाश माथ्यावर हिरवा लहरतो. ती हिरवाई शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरील प्राणवायूची असते. दोनशे किलोमीटरपलीकडे हाच प्राणवायू तांबडा उजळतो. लडाखहून पाहताना हिरवा पट्टा पृथ्वीच्या गोलाईआड दडतो. उंचावरील लालीच तेवढी क्षितिजावर डोकावते.

ही आभा इतकी मंद असते, की कृत्रिम उजेडात ती सहज लोपते. २०२२ मध्ये हा परिसर अंधार-संरक्षित आकाशक्षेत्र ठरला. तेव्हापासून खिडक्यांना जाड पडदे आणि दिव्यांना झापा लावण्याची शिस्त येथे रुजत गेली. अंधार राखणे हेही एक जतनच. सूर्यावरून आलेला पाहुणा त्या रात्री दारी आला, तेव्हा त्याला ओळखण्याइतका अंधार हानलेने शिल्लक ठेवला होता.