दत्तकविधान

'बिनतारी' या शब्दावर आमचा पूर्वी फार विश्वास होता. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यास भिंतीपलीकडे विद्युल्लहरी धाडून घंटा वाजविली, हे शाळेत वाचले तेव्हा तारेचे राज्य आता संपले अशीच आमची समजूत झाली होती. हल्ली ज्याला राउटर म्हणतात ते यंत्र घरी आल्यावर त्याच्या पाठीमागे डोकावून पाहिले, तो तारांचे जंजाळ! शिवाय आमचे मैलापुरातील घर जुने, भिंती हात-दीड हात जाडीच्या. बसूंच्या लहरी भिंतीतून गेल्या खऱ्या. परंतु ती भिंत आमच्या घरमालकांच्या आजोबांनी बांधलेली नव्हती. मोबाइलची लहर तर दारातच चप्पल काढून उभी राहते. धड बोलावयाचे म्हणजे गच्चीवर जावे लागते.

एरवी आम्ही या गोष्टीचे दुःख केले नसते. पण आमचे थोरले बंधू मिरजेस असतात. वय ब्याऐंशी, आणि तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत ज्यांचा जन्म गेला, त्यांचेच कान गेले आहेत. फोनवरील बोलणे त्यांना कळत नाही. मोबाइलवरची बारीक अक्षरे वाचवत नाहीत. मात्र समोरच्या मोठ्या पडद्यावर तोंड स्वच्छ दिसले, की ओठांवरून ते सारे ओळखतात. म्हणून रोज रात्री आठ वाजता आम्ही दिव्याखाली बसतो आणि दादा तिकडे पडद्यासमोर बसतात. आमचा संसार मद्रासेत गेला (१९९६ साली शहराचे नाव चेन्नई झाले, जिभेचे अजून झालेले नाही), त्यांचा मिरजेत. पण गेल्या चार वर्षांत जितके बोललो, तितके उभ्या जन्मात बोललो नसू.

यंदा कार्तिकातल्या पावसात वीज कडाडली आणि जुना राउटर गतप्राण झाला. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा हा पाऊस महाराष्ट्रातल्या मंडळींना ठाऊक नसतो. तिकडे थंडीची चाहूल लागते तेव्हा आमच्याकडे छत्र्या उघडतात. दुसऱ्याच दिवशी माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटवरून नवा राउटर आणला. त्या गल्लीत विजेवर चालणारी कोणतीही वस्तू मिळते. अट एवढीच, की माणसाने गर्दीतून सदेह बाहेर यावे. नवे यंत्र लावले. दोन दिवे हिरवे झाले. तिसरा, पृथ्वीगोलाच्या चित्राखालचा, नारिंगीच राहिला. घरातले सारे मोबाइल यंत्राशी सलगी करू लागले. पण त्यापलीकडे जग नव्हते.

दोष शोधण्याची एक शिस्त असते. आम्ही तीच पाळली. रस्त्यावरून येणारा काचेचा तंतू भिंतीवरच्या डबीत शिरतो. ज्यातून प्रकाश वाहतो तो त्याचा गाभा अवघा नऊ मायक्रॉन, माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. तो कोठे मुडपला वा तुटला, तर डबीवरचा तांबडा दिवा पेटतो. तो विझलेला होता आणि हिरवा स्थिर होता. म्हणजे प्रकाश घरापर्यंत येत होता. डबी व राउटर यांमधली तार बदलून पाहिली. ती निराळ्या रंगाच्या भोकात आहे ना, तेही पाहिले. कंपनीने दिलेले नाव व परवलीचा शब्द तीन वेळा घातला. आधी डबी चालू करून तिचा दिवा स्थिरावू द्यावा व मग राउटर चालू करावा, हा क्रमही सांभाळला. नारिंगी तो नारिंगीच.

मग गच्चीवर छत्री धरून कंपनीस फोन. तमिळसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. आम्ही सवयीने एक दाबतो. "ऑफ पण्णी ऑन पण्णुंग, सार," असा उपदेश झाला. त्याच गच्चीवर पुतण्याचा निरोप मिळाला: दादा आठ वाजता पडद्यासमोर बसतात आणि जेवावयास उठत नाहीत. उत्तर म्हणून आम्ही मोबाइल तोंडासमोर धरला. पण अंधारात, पावसात ओठ कसले दिसणार!

गच्चीवरून समुद्राचा वारा लागतो. या किनाऱ्यावरून २००२ साली सिंगापूरपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरची तार समुद्रतळाशी गेली. ज्या बेटांना आमची आजी काळे पाणी म्हणे, त्या अंदमान-निकोबारलाही २०२० च्या ऑगस्टात येथूनच सुमारे २,३०० किलोमीटरची तार पोहोचली. जगातला संदेश इतका दूर येऊन आमच्या दिवाणखान्यातल्या अडीच हातांत अडकावा, याचा राग यावयाचा तो आलाच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक विशीतला तरुण आला. त्याने आपल्या उपकरणाने प्रकाश मोजला, मान डोलावली, आणि विचारले, "पळय नंबर इरुक्का, सार?" जुना नंबर म्हणजे काय, ते त्यानेच समजाविले. अशा प्रत्येक यंत्रास कारखान्यातच बारा चिन्हांचा एक क्रमांक मिळतो. शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे. कंपनीच्या वहीत आमच्या नावापुढे मृत यंत्राचा क्रमांक कुलूपबंद होता. नाव खरे, परवलीचा शब्द खरा, पण दाराशी उभा असलेला अनोळखी! वहीतले कुलूप काढावयास उद्याचा दिवस लागेल. मात्र नव्या यंत्रास जुन्याचा क्रमांक धारण करता येतो, असे तो म्हणाला. सौ.नी अडगळीतून जुना राउटर आणला. त्याच्या पोटावरची चिठ्ठी चष्मा लावून त्यांनी वाचावी आणि तरुणाने टंकावी, असा विधी झाला.

दत्तकविधानच की हे! तंजावरच्या तुळजाजीराजांनी १७८७ साली सरफोजींस दत्तक घेतले, तेव्हाही प्रश्न कंपनीच्या मान्यतेचाच होता. हरकती निघाल्या, पंडितांची मते मागविली गेली, गादी अमरसिंगास मिळाली. पुढे कंपनी सरकारने मत फिरविले आणि १७९८ साली सरफोजी राजे झाले. अकरा वर्षे! सरस्वती महालाची ग्रंथसंपदा ज्यांनी वाढविली, त्या राजाला इतके थांबावे लागले. आमच्या दत्तकास अकरा मिनिटेही लागली नाहीत. पृथ्वीगोल हिरवा झाला. तरुणाने कॉफी घेतली, पैसे घेतले नाहीत.

आठाला पाच कमी होती. पडदा उजळला तो दादा आधीपासूनच बसलेले. आमच्या तोंडाकडे क्षणभर टक लावून ते म्हणाले, "तीन दिवस काय तोंड शिवून बसला होतास?" आम्ही विजेची, क्रमांकाची सारी हकीकत सावकाश, ओठ नीट हलवीत सांगितली. ती त्यांनी ऐकून, म्हणजे पाहून घेतली, आणि पुतण्याला हाक मारून ताट तेथेच मागविले.