पायडल कुणीच मारत नाही

माझ्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद आधी भिंगाखाली जातो. जुनी छापील चित्रं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. कसरीनं खाल्लेल्या कडा सांधायच्या, मागचा कुजका पुठ्ठा सोडवायचा, गव्हाच्या खळीनं नवं पातळ अस्तर लावायचं. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ पॅरिसहून आणलेलं पोस्टर घेऊन आले. गडद निळं आकाश, चांदण्या, पंख फुटलेली सायकल आणि तिचं हँडल धरून हवेत आडवी तरंगणारी, लाल केस मोकळे सोडलेली विवस्त्र तरुणी. १८९५च्या सुमाराची 'सिक्ल ग्लादियातर' सायकलींची जाहिरात.

"अस्सल आहे ना?" त्यांनी विचारलं. भिंगाखाली निळ्या रंगात फुलांसारखी गोल बसलेली ठिपक्यांची नक्षी दिसली. म्हणजे ऑफसेटवरची अलीकडची नक्कल. शिळाछापात ठिपके असे कवायतीला उभे राहत नाहीत. तिथे दगडावर घासलेल्या तेलकट खडूची खरखर दिसते, ब्रशनं उडवलेले शिंतोडे दिसतात. रंगागणिक दगड वेगळा, त्यामुळे एखादा रंग कडेला केसभर सरकलेलाही सापडतो. गृहस्थ हिरमुसले. पोस्टर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "पण मला सांगा, ही सायकल चालवतंय कोण?"

प्रश्न भाबडा होता, पण नेमका. त्या काळातली पोस्टरं डोळ्यांसमोर आणली, तर बऱ्याच चित्रांत पायडल कुणी मारतच नाही!

कारण बाजारात आहे. १८८५मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' आली, जवळजवळ सारख्या उंचीच्या दोन चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी असलेली. १८८८मध्ये डनलॉपनं हवेचा टायर आणला. त्यानंतर पाचसात वर्षांत सगळ्यांच्या सायकली जवळजवळ सारख्या दिसू लागल्या. फ्रान्समध्ये २९ जुलै १८८१च्या कायद्यानं भिंतींवर जाहिराती लावणं सोपं केलं होतं, आणि ज्यूल शेरे यांनी रंगीत शिळाछापाला रस्त्यावर आणलं होतं. भिंत मोकळी, रंग तयार. पण माझी सायकल शेजाऱ्याच्या सायकलीहून वेगळी कशी, हे चित्रकारानं दाखवायचं कसं? मग सायकल बाजूला राहिली आणि देवता आली.

पंख हे रोमन देव मर्क्युरीच्या टाचांचे. वेग दाखवायचा, पण घाम दाखवायचा नाही, यासाठी त्याहून सोयीची खूण नाही. 'पाल' या नावानं सही करणाऱ्या चित्रकारानं 'लिबरेटर' सायकलींसाठी ढाल घेतलेली, शिरस्त्राण घातलेली, फ्रेंचांच्या पूर्वजांतली गॉल योद्धी उभी केली. जर्मनांकडून १८७०-७१मध्ये हार खाल्लेल्या देशाला ती ओळखीची वाटली असणार. अल्फोन्स मुखा यांच्या १९०२च्या 'पर्फेक्टा'त तर सायकल शोधावी लागते. एक तरुणी हँडलवर रेलली आहे आणि तिचे केस चित्रभर वळणं घेत सुटले आहेत. वारा दिसतो, चाकं नजरेत भरत नाहीत. त्यांच्याच १८९८च्या 'वेव्हर्ली'त सायकलीचा जेमतेम हँडलचा भाग आहे, शेजारी लोहाराची ऐरण. मजबुतीची सगळी हमी त्या ऐरणीवर.

आपल्याला हे परकं वाटू नये. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४मध्ये सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. तंत्र तेच, काळही तोच. त्यांची लक्ष्मी कमळावर उभी राहते आणि पाकळी वाकत नाही. देवतेला वजन नसतं, हे दोन्हीकडच्या छापखान्यांना माहीत होतं.

पण ग्लादियातरच्या तरुणीचा हात पाहा. पॅरिसमध्ये बायकांना विजार घालायला पोलिसांची परवानगी लागे, असा १८००चा हुकूम होता. १८९२ आणि १९०९च्या परिपत्रकांनी त्यात फट ठेवली: हाती सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर विजार चालेल. चित्रातली पोरगी हँडल धरून आहे आणि अंगावर विजारच काय, काहीच नाही. हा दाखला डोक्यात आल्यापासून मला ते चित्र नुसतं चावट वाटत नाही. २००९मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यानं वाइनच्या बाटलीवर हेच चित्र आहे म्हणून ती वाइन विकायला मनाई केली. शंभरावर वर्षं उलटली, तरी तिचं उडणं कुणाला तरी खुपतंच आहे.

याच्या अगदी उलट चित्रकार तुलूझ-लोत्रेक. लहानपणी दोन्ही मांड्यांची हाडं मोडल्यानंतर त्याचे पाय वाढायचे थांबले होते. १८९६मध्ये त्याला 'सिम्पसन साखळी'चं काम मिळालं. त्यानं शर्यतपटू जिमी मायकेलचं चित्र काढलं, तर साखळीचा भाग चुकलाय म्हणून ते नापास झालं! त्यानं पुन्हा काढलं. या वेळी शर्यतपटू कॉन्स्तां ह्यूरे खोगिरावर वाकलेला, पाय पायडलांवर, साखळी जशी हवी तशी. इथे देवता नाही, पंख नाहीत, माणूस राबतो आहे.

आणि ती साखळी? त्रिकोणी कड्यांमुळे तरफेचा फायदा मिळून जोर वाढतो, असा तिचा दावा होता. यंत्रशास्त्रात त्याला आधार नव्हता. दोनेक वर्षांत ती बाजारातून गेली. साखळीची कडी न् कडी बरोबर काढायला लावणाऱ्यांनी विकायला काढली होती ती थाप.

चांदण्यांतली ती तरुणी मात्र साफ अशक्य, तरी तिनं सांगितलेलं घडत होतं. बायका खरंच घराबाहेर पडत होत्या, गाव ओलांडत होत्या, विजार घालत होत्या. पायडल मारणारी चित्रात नव्हती. ती त्या भिंतीसमोरून चालली होती.

गृहस्थांना मी एवढंच म्हटलं, "नक्कल असली तरी लावा भिंतीवर. फक्त उन्हात लावू नका, रंग उडतो."