मामांची चाळणी

दिवाळीत अमरावतीहून अकोल्याला मामांकडे गेलो. मामांची हयात दालमिलमध्ये गेली. जेवताना विचारलं, "काय करून रायला रे तू पुण्यात?"

"टेराहर्ट्झ रिसीव्हरच्या फिल्टरचं सिम्युलेशन. मागे तुम्हाला खोडदच्या जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या अँटेना दाखवल्या ना? त्यांची जाळी वारा जाऊ देते, पण २१ सेंटिमीटरची रेडिओलहर परतवते. लहरीपुढे भोकं फारच लहान! आमच्या पत्र्यात मात्र अधिकच्या चिन्हासारख्या फटी. १ टेराहर्ट्झची लहर ०.३ मिलिमीटरची, फट साधारण तिच्या निम्मी. मापात बसेल ती लहर पार, लांब लहर परत."

"म्हंजे चायनीच! पण चायनी झिजली का अख्खी तूर बी खाली येते. तुयी फट एवढीशी चुकली त?"

मी गप्प. सगळ्या फटी मी अगदी अचूक धरल्या होत्या, आणि डिझाइन सोमवारी द्यायचं होतं...

रात्री लॅपटॉप उघडला. फट दीड मायक्रॉन, म्हणजे १ टक्का वाढवली, तर फिल्टर साधारण १० गिगाहर्ट्झ खाली घसरला. नको तेच आत!

मेल टाकला: आठवडा हवा. मॅनेजर वैतागला. असो.

मामांना सांगितलं, तर म्हणाले, "आधी चायनी पाहा लागते, मंग माल टाका."